वजनाचं औषध निवडताना दुसऱ्या वर्षाचा हिशेब आधी मांडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, उंची ५ फूट २ इंच, वजन ८६ किलो. थायरॉइडची गोळी रोज सकाळी चालू आहे, साखर 'बॉर्डरवर' आहे असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदावर ऑर्लिस्टॅट ही कॅप्सूल आणि सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही इंजेक्शनं अशी तीन नावं लिहून दिली आणि 'घरी विचार करून सांगा' म्हणाले. पाच महिन्यांनी भाचीचं लग्न आहे, तोवर फरक दिसायला हवा. यातलं कोणतं घ्यावं, सुई टाळून गोळीवर भागेल का, आणि थायरॉइड असताना ही इंजेक्शनं चालतात का?

मी फार्मासिस्ट आहे, नाशिकला माझं मेडिकल आहे. औषध ठरवणं हे डॉक्टरांचंच काम. पण ही औषधं काउंटरवरून देताना लोक काय विचारतात, कुठे अडतात आणि मध्येच का सोडतात हे मी रोज बघतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. फक्त किलो मोजायचे असतील तर टिर्झेपटाइड पुढे आहे, त्यात वाद नाही. पण जे औषध तुम्ही दोन-तीन वर्षं न तोडता घेऊ शकाल, खिशालाही आणि पोटालाही झेपेल, तेच तुमच्यासाठी चांगलं. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो.

सुरुवात ऑर्लिस्टॅटपासून, कारण तिघांत जुनं आणि स्वस्त तेच. जेवणातल्या तेला-तुपाचं पचन करणारं एक एन्झाइम ते आतड्यात अडवतं. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल तिन्ही जेवणांबरोबर घेतली की पोटात गेलेल्या चरबीपैकी साधारण ३० टक्के न पचता बाहेर पडते. भूक मात्र होती तेवढीच राहते. स्वीडनमध्ये चार वर्षं चाललेल्या एका मोठ्या चाचणीत ही कॅप्सूल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ५.८ किलोंनी उतरलं, आणि नुसतंच पथ्य-व्यायाम करून नकली, म्हणजे आत औषध नसलेली, कॅप्सूल घेणाऱ्यांचं ३ किलोंनी. म्हणजे चार वर्षांनी हाती राहिलेला जास्तीचा फायदा तीन किलोंच्याही आतला. त्याच चाचणीत मधुमेह होण्याचं प्रमाणही कमी झालं, ही तिची जमेची बाजू.

त्रास काय होतो ते नीट समजून घ्या, कारण दुकानात कुणी हे मोकळेपणाने विचारत नाही. न पचलेलं तेल बाहेर पडणारच. रविवारी तर्रीवाली मिसळ किंवा लग्नातलं तळलेलं खाऊन ही कॅप्सूल घेतली तर दुपारी कपड्यांना तेलाचे डाग पडू शकतात, शौचाला एकदम धावावं लागतं, थांबवता येत नाही. शाळेत शिकवणाऱ्या, बसने प्रवास करणाऱ्या बायका दुसऱ्या आठवड्यात ती बंद करतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. शिवाय तेलाबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निघून जातात, म्हणून रात्री झोपताना मल्टिव्हिटॅमिनची गोळी घ्यावी लागते. तुमच्यासाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर त्या गोळीतलं थायरॉक्सिन अंगी लागत नाही. ज्यांचं जेवण आधीच कमी तेलाचं आहे त्यांना या औषधाचा उपयोग तसाही फारसा होत नाही, कारण अडवायला चरबीच कमी असते.

आता इंजेक्शनं. जेवलं की आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'आता पुरे' असं कळवतं. अंगातलं हे हार्मोन काही मिनिटांतच नाहीसं होतं. शास्त्रज्ञांनी त्याच्याच धर्तीवर टिकाऊ रेणू बनवले. आधी आलेल्या लिराग्लुटाइडची सुई रोज घ्यावी लागायची आणि त्यात वजन सरासरी ८ टक्के उतरायचं. सेमाग्लुटाइड रक्तात इतका वेळ टिकतं की आठवड्यातून एकदा घेतलं तरी पुरतं. टिर्झेपटाइड त्याच्या पुढचं, ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं.

आकडे सांगतो. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नकली इंजेक्शनवाल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या चाचणीत ७२ आठवड्यांनी सर्वांत मोठ्या डोसवर २०.९ टक्के. दोन्ही औषधं समोरासमोर ठेवून केलेली चाचणी २०२५ मध्ये आली, त्यात टिर्झेपटाइडवर २०.२ आणि सेमाग्लुटाइडवर १३.७ टक्के वजन कमी झालं. ही चाचणी टिर्झेपटाइड बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशाने झाली होती, हे लक्षात ठेवा. तरी फरक एवढा मोठा आहे की तो नाकारता येत नाही. तुमच्या ८६ किलोंवर हिशेब केला तर एकीकडे सतरा किलोंच्या वर, दुसरीकडे बारा किलोंच्या जरा आत. हे सरासरीचे आकडे आहेत. काहींचं वजन याहून बरंच जास्त उतरतं, काहींचं जेमतेम पाच टक्के.

सेमाग्लुटाइडच्या बाजूने एक वजनदार पुरावा आहे. ज्यांना हृदयविकार आहे, वजन जास्त आहे पण मधुमेह नाही, अशा सतरा हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. घरात कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असेल आणि त्यांच्यासाठी तुम्ही विचारत असतात, तर मी हा मुद्दा सगळ्यांत वर ठेवला असता.

लग्नाचं सांगायचं तर ही औषधं एकदम पूर्ण डोसने सुरू करता येत नाहीत, डोस हळूहळू चढवावा लागतो. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं, दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ असं करत २.४ पर्यंत पोहोचायलाच सोळा आठवडे जातात. टिर्झेपटाइड २.५ पासून चढत १५ पर्यंत न्यायचं झालं तर वीस आठवडे. म्हणजे तुमचे पाच महिने जवळजवळ डोस चढवण्यातच जातील. वजन त्या काळातही उतरतं, लग्नापर्यंत ब्लाउज सैल होईल, पण चाचण्यांमधले आकडे सव्वा-दीड वर्षाचे आहेत. लग्नासाठी घाई करून डोस उड्या मारत चढवला की मळमळ-उलट्यांनी माणूस आडवा पडतो. असं करून सलाईन लावायची वेळ आलेली माणसं मी पाहिली आहेत. डॉक्टरांना तारीख सांगा, पण तारखेवरून डोस ठरवू नका.

आणि आता ते, ज्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो. औषध थांबवल्यावर काय होतं?

सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या त्या मुख्य चाचणीतल्या काही लोकांचा औषध बंद केल्यावर वर्षभर पाठपुरावा केला. कमी झालेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. टिर्झेपटाइडचंही तेच. एका चाचणीत सगळ्यांना ३६ आठवडे औषध दिलं, वजन सुमारे २१ टक्के उतरलं, मग अर्ध्यांचं औषध गुपचूप नकली इंजेक्शनने बदललं. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्के वाढलं. ज्यांचं औषध चालू राहिलं त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. बीपीच्या गोळीने बीपी ताब्यात राहतं आणि गोळी सोडली की पुन्हा चढतं, तसंच हे आहे. यात माणसाच्या मनोनिग्रहाचा काही संबंध नाही. शरीर आपलं जुनं वजन परत मिळवायचा प्रयत्न करतं, भूक वाढवतं, खर्च कमी करतं. तरीही बंद केल्यावर वजन वाढलं की बायका स्वतःलाच दोष देतात आणि मेडिकलवर यायला लाजतात. त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पैशांचा हिशेब पहिल्या महिन्याचा करू नका. टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक बाटली ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती, आणि एक बाटली म्हणजे एकच आठवडा. ५ च्याच डोसवर राहिलात तरी त्या भावाने वर्षाचे सव्वादोन लाखांहून जास्त होतात. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवी, जून २०२५ मध्ये आलं, सुरुवातीच्या डोसचा महिन्याचा खर्च १७ हजारांच्या वर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने भाव मोठ्या प्रमाणात उतरवले. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, त्यामुळे देशी कंपन्यांच्या सेमाग्लुटाइडला वाट मोकळी झाली. टिर्झेपटाइडला अजून तशी स्पर्धा नाही. वर्षानुवर्षं चालवायच्या औषधात हा फरक मला वजनातल्या त्या सहा-सात टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो. ज्यांना पैशांची ओढाताण नाही त्यांनी टिर्झेपटाइड जरूर घ्यावं. पण कर्ज काढून, दागिना मोडून सहा महिने घ्यायचं आणि मग थांबवायचं, हे मला पटत नाही. चार महिन्यांनी पैसे संपतील असं दिसत असेल तर त्याच पैशांत चांगला आहारतज्ज्ञ आणि वर्षभर व्यायामाची सोय होते.

पैसे वाचवायला लोक जे करतात तेही सांगून ठेवतो. मोठ्या डोसची बाटली घ्यायची, इन्सुलिनच्या सिरिंजने थोडं थोडं काढायचं आणि उरलेलं फ्रीजच्या दारात ठेवायचं. परवा एक गृहस्थ मला हेच करून दाखवत होते, बाटलीच्या रबरी बुचावर दोन-तीन टोचल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. एका डोसच्या त्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात तसं काहीही नसतं. एकदा सुई घातली की उरलेलं औषध फेकायचंच असतं. एका पेनमध्ये चार डोस असलेली पेनं मिळतात ती वेगळी, ती चार वेळा वापरायसाठीच बनवलेली असतात. मैत्रिणीचं उरलेलं पेन घेणं हा आणखी एक प्रकार. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याचं वापरू नये, रक्तातून पसरणारे आजार त्यातून लागू शकतात.

औषध घरी नेताना बर्फाच्या पिशवीत न्या, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, गोठलं तर वाया गेलं. न वापरलेली पेनं फ्रीजरखालच्या कप्प्यात मागे टेकवून ठेवू नका, तिथे गोठतात. तुमच्याकडे उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जात असेल तर एका वेळी एकाच महिन्याचं घ्या. बिल मागा, बॅच नंबर पेनवरच्या नंबरशी जुळवून बघा. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता. चिठ्ठी न मागता घरपोच देणाऱ्यांकडून ही औषधं कधीच घेऊ नका.

थायरॉइडबद्दल जवळजवळ प्रत्येक बाई विचारते. माहितीपत्रकात थायरॉइडच्या कॅन्सरचा इशारा असतो, तो वाचून घाबरतात. तो इशारा मेड्युलरी थायरॉइड कार्सिनोमा या विरळ कॅन्सरबद्दल आहे. तो तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला झालेला असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल, तर ही इंजेक्शनं घ्यायची नाहीत. थायरॉइड कमी काम करतं म्हणून थायरॉक्सिन घेणं ही अगदी वेगळी गोष्ट, त्यासाठी इंजेक्शन नाकारायचं कारण नाही. वजन बरंच उतरलं की थायरॉक्सिनचा डोस कधी कधी कमी करावा लागतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी मधूनमधून करत राहा.

गोळीचं विचारलंत. सेमाग्लुटाइडची गोळी, रायबेल्सस, भारतात २०२२ पासून मिळते, पण ती मधुमेहासाठी. तिच्या १४ मिलिग्रॅमच्या डोसमध्ये वजन थोडं उतरतं, इंजेक्शनइतकं मुळीच नाही. शिवाय ती सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, अर्ध्या कपाएवढ्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. तुमची थायरॉइडची गोळीही नेमकी त्याच वेळेची. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. त्यामुळे तुमच्या बाबतीत गोळीचा आग्रह मी धरणार नाही. सुईची भीती मात्र पहिल्या आठवड्यातच जाते, ती केसासारखी बारीक असते आणि पोटावर बेंबीपासून दोन बोटं लांब स्वतःच टोचता येते.

पोटाचा त्रास दोन्ही इंजेक्शनांना आहे. मळमळ, बद्धकोष्ठ, कधी जुलाब, करपट ढेकर. डोस वाढवल्यावर आठवडाभर जास्त, मग ओसरतो. जेवण निम्म्यावर आणा, तळलेलं टाळा, पोट भरल्यासारखं वाटलं की ताटात उरलं तरी थांबा. आपल्याकडे पानात टाकायचं नाही म्हणून शेवटचे चार घास कोंबतात, आणि नेमक्या त्या चार घासांनीच उलटी होते. आधीच कमी वाढून घ्या. पोटात खूप दुखून पाठीत कळ गेली, किंवा उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला, तर थेट दवाखान्यात जा. स्वादुपिंडाला सूज आणि पित्ताशयात खडे, दोन्ही शक्यता कमी असल्या तरी खऱ्या आहेत. कुठलंही ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनचं आधीच सांगा, पोट उशिरा रिकामं होत असल्याने भुलीत धोका वाढतो.

उतरणाऱ्या वजनात नुसती चरबी नसते, स्नायूही असतात. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ज्यांचं स्कॅन केलं त्यांच्यात घटलेल्या वजनाचा बराच मोठा भाग चरबीखेरीजचा निघाला. आपल्या शाकाहारी घरांत प्रथिनं आधीच कमी, त्यात भूक गेली की बायका चहा-बिस्किटावर दिवस काढतात. मग वजन उतरतं, पण जिना चढताना पाय लटपटतात आणि केस गळतात. भूक कमी असताना पहिला घास भाताचा नको, उसळ, पिठलं, पनीर, दही, अंडं चालत असेल तर अंडं. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा किंवा खुर्चीतून उठ-बस करण्याचा व्यायाम. हे जमणार नसेल तर मी डोस चढवण्याची घाई करू नका असंच सांगेन.

मेडिकलमध्ये कुणी 'ती भूक मारायची जुनी गोळी' मागितली तर मी देत नाही. सिब्युट्रामाइनने हृदयावर ताण येतो म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ती गेली, भारतात २०११ मध्ये बंदी आली. रिमोनाबँट ही तशीच दुसरी गोळी नैराश्यामुळे त्याआधीच गेली होती. अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेला, 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामाइन वारंवार सापडलं आहे. पंधरा दिवसांत पाच किलोंची हमी देणारी पुडी कुणी दिली तर तिच्यापासून लांब राहा.

तुमचं वय लक्षात घेता एक विचारायलाच हवं. पाळी चालू असेल आणि गर्भनिरोधक गोळी घेत असाल, तर टिर्झेपटाइड सुरू करताना आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे गोळीवर विसंबू नका, निरोधसारखी दुसरी काळजी घ्या. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३४ ते ३५ च्या मध्ये येतो, म्हणजे औषधासाठी तुम्ही नियमात बसता. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला सेमाग्लुटाइडने सुरुवात कर असं सांगितलं असतं, आणि पूर्ण डोसवर तीन-चार महिने होऊनही वजन पाच टक्क्यांनी उतरलं नाही तर टिर्झेपटाइडचं डॉक्टरांशी बोल, असं. ऑर्लिस्टॅट मी तिच्यासाठी निवडलं नसतं.

मात्र एक आकडा तुम्ही लिहिलेला नाही, एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी. 'बॉर्डरवर' म्हणजे ५.७ ते ६.४ च्या मध्ये, ६.५ किंवा वर गेला तर तो मधुमेहच. मधुमेह असणाऱ्यांचं वजन या दोन्ही औषधांवर कमी उतरतं, सेमाग्लुटाइडवर साधारण साडेनऊ टक्के, टिर्झेपटाइडवर पंधराच्या आत. त्यात ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यांचा डोस आधी उतरवावा लागतो. रिपोर्ट हाताशी असेल तर तो आकडा आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं खाली लिहा, मी बघून सांगतो.